निर्दोष ठाण

३ नोव्हेंबर, सोमवार

चित्रकार बाईंनी आज सगळ्यांना एकेक वही वाटली. म्हणाल्या, गिरणीतलं जे जे आठवेल ते लिहा, चुकलं तरी चालेल. मी दोन मागून घेतल्या. एक त्यांना दाखवायची आणि ही माझी. सुनेने विचारलं, "आई, दोन कशाला?" म्हटलं, एक कापड, एक अस्तर. ती हसली. तिला वाटतं म्हातारी चेष्टा करते.

गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली. माग भंगारात गेले, धुराडं पाडलं, एक गोदाम तेवढं उभं आहे. तिथे बाई जुन्या कामगारांकडून एक लांबच लांब कापड करून घेताहेत. प्रत्येकाला हातभर जागा, त्यात त्याने आपली आठवण घालायची. कुणी भरतकाम करतं, कुणी रंगवतं, ज्याला काहीच येत नाही तो जुनं हजेरीचं कार्ड शिवायला देतो. हे सगळे तुकडे जोडायचं काम माझ्याकडे आलंय. दुसरं कोण करणार? मी रफू खात्यात एकतीस वर्षं काढली. मागावरून उतरलेल्या ठाणात कुठे धागा तुटलेला, कुठे चुकलेला, तिथे सुई घालून तो असा भरायचा की खुद्द विणकरालाही जागा सापडू नये. सगळी गिरणी मला सुईबाई म्हणायची.

२९ तारखेला कापड टांगायचं आहे. बाईंना वाटतं दिवस भरपूर आहेत. त्यांनी कधी घाईचा माल पाठवलेला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंशी थोडं वाजलं. बांधणी खात्यातल्या एकीने घड्याळ भरलं होतं, काटे वाकडे, आकडे तर दारू प्यायल्यासारखे. मी जोडता जोडता सरळ करून टाकले. बाईंनी पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काकू, चुका राहू द्या ना. त्यातच माणूस दिसतो."

आचाऱ्याला सांगावं की मीठ विसर, तशातली गत. मी हो म्हटलं. एकतीस वर्षं मला चुका राहू देऊ नको म्हणून पगार मिळाला. आता या वयात उलटं शिकायचं म्हणजे अवघडच आहे. बाई माझ्या सुनेच्या वयाच्या आहेत, शिकलेल्या आहेत, स्वभावाने गोड आहेत. पण कापडातलं त्यांना काही कळत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाईंच्या वहीत माझा विक्रम लिहिला. एका दिवसात सतरा रफू, अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे जरा मोकळेपणाने लिहिते.

आदल्या दिवशी विणाई खात्यात अपघात झाला होता. मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि सात नंबरच्या कानशिलात बसला. जागच्या जागी गेला बिचारा. आमच्याकडे विणकरांना मागाच्या नंबरानेच हाक मारायचे, तो सात नंबरवर होता म्हणून सात नंबर. त्याची बायको म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या वहिनी. खात्यातल्या सगळ्या बाया मयताला गेल्या. मला विणाई मास्तरांनी थांबवून घेतलं. म्हणाले, "सुईबाई, तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही. उद्या माल जायचाय."

निळं ठाण होतं. शेवटचा थोडा भाग मास्तरांनी आधीच कापून घेतलेला, डाग होता म्हणाले. चिठ्ठीवर मागाचा नंबर नव्हता. एरवी असतोच. सतरा ठिकाणी उभे धागे तुटलेले. पहिले दोन-तीन हातभर अंतराने, मग वीतवीत, मग चार-चार बोटांवर. प्रत्येक चुकीसमोर किनारीला एकेक दोरा बांधलेला. तपासणीवाले बांधतात तसा, म्हणजे रफूवालीला जागा कळावी. फक्त तपासणीवाल्यांचा दोरा लाल असतो. हा निळाच होता, ठाणाच्याच सुताचा, आणि गाठ विणकरी होती. मला त्या वेळी गंमत वाटली होती. विणकर कधी आपली चूक आपण दाखवत नाही, लपवतो. दिवस मावळायच्या आत सतराही भरले आणि सतराही दोरे कापून टाकले. मास्तरांनी ठाण खिडकीशी धरून पाहिलं आणि वर शिक्का मारला, 'निर्दोष'. म्हणाले, "हात आहेत की काय आहेत!"

मयताला जाता आलं नाही याची रुखरुख मात्र राहिली. वहिनींनी कधी बोलून दाखवलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वहिनींना म्हटलं, तुम्हीही एक तुकडा द्या. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय देऊ? आमच्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे."

चौकशीत तसं ठरलं होतं. कागदावर शब्द होता 'गाफीलपणा'. धोटा उडू नये म्हणून लावलेली सळई त्याने स्वतःच काढली, लक्ष दुसरीकडे होतं, वगैरे. वहिनींनी तो शब्द पुढे संसारात वापरला. मुलाच्या हातून पेला फुटला की, "बापासारखा गाफील!" मी आमच्या दारातून कितीदा ऐकलंय. मुलगा आता वायरमन आहे, पन्नाशीला आला. घरात वडिलांचा फोटो नाही.

म्हटलं, बघा, मन झालं तर द्या. जास्त आग्रह केला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठ नंबर आला. सात नंबरच्या शेजारच्या मागावर होता तो. आता ऐंशीचा आहे, मागांच्या आवाजाने कान केव्हाच गेले. हातवारे करून आणि ओठ वाचून बोलतो, तसं तर विणाई खात्यातले सगळेच बोलायचे. बाईंनी गोदामात एक छोटा हातमाग मांडलाय, त्यावर बसून त्याने गेले दहा दिवस एक निळी पट्टी विणली. दहा हात लांब. कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. आज पट्टी उतरवून माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

घरी आणून उलगडली आणि मला रडूच आलं. केवढा विणकर होता तो! त्याच्या ठाणाला आमच्या खात्यात सुई लागत नसे. आणि आता जागोजाग धागे तुटलेले, खड्डे पडलेले. किनारीला गाठी मारून दोरे सोडलेत, बहुतेक टोकं आवरता आली नसतील. हात थरथरतात, डोळे गेले, दुसरं काय. असं कापड चार लोकांत टांगलं तर म्हाताऱ्याची शोभा होईल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारभर खिडकीत बसून पट्टी दुरुस्त केली. पट्टीच्या टोकाचेच धागे काढून वापरले, म्हणजे रंगात फरक नको. दोरे कापले, इस्त्री केली. बाईंना सांगायचं नाही. आठ नंबरलाही नाही. त्याला वाटेल आपणच छान विणलं. या वयात कुणाला एवढं समाधान देता येतं?

खूप दिवसांनी हाताला बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कसं लिहू? क्रमाने लिहिते.

आठ नंबरने गोदामात पट्टी हातात घेतली. डोळ्यांनी पाहिलीच नाही. किनारीवरून अंगठा फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. मग ओरडला. बहिरा माणूस ओरडतो तेव्हा त्याला आपला आवाज कळत नाही.

"कुणी केलं हे?"

मी हात वर केला. हसतच केला, काय सांगू! वाटलं, पकडली चोरी, आता कौतुक करील.

तो म्हणाला, "त्याचंच होतं ते! सात नंबरचं! तेच विणलं होतं मी!"

बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग तो सांगत गेला, मध्ये मध्ये नुसते हात हलवत. त्या दिवशी सात नंबरचा धोटा सरळ बसत नव्हता, धागे तोडत होता. त्याने जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, दोनदा सांगितलं. मास्तरला सांगितलं. मास्तर म्हणाला माग थांबवायचा नाही, माल जायचाय. तेव्हापासून धागा तुटला की सात नंबर किनारीला आपल्याच सुताचा दोरा बांधायला लागला. आठ नंबरने खुणेने विचारलं, हे काय? त्याने खुणेनेच सांगितलं, बघू देत, मोजू देत.

"चौकशीत मी सांगितलं, कापड आणा, त्यावर सगळं आहे. त्यांनी ठाण आणलं, मालाबरोबर पाठवलंच नव्हतं. माझ्यासमोर उलगडलं. एक चूक नाही! एक दोरा नाही! वर शिक्का, निर्दोष. मला म्हणाले, आता बोल. काय बोलू? मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. अडतीस वर्षं झाली, माझंच डोकं फिरलंय असं वाटतंय. म्हणून म्हटलं, मरायच्या आत एकदा विणून बघावं, दिसतं तरी कसं. तर तू..."

मला म्हाताऱ्याच्या पट्टीचं वाईट वाटतंय असं बाईंना वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घरी आले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले नाही. सुनेला सांगितलं, पाय दुखतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मला माहीत नव्हतं. हे मी इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

ठाण निळं होतं हे माहीत होतं. सात मागावर त्या आठवड्यात निळा माल होता हेही माहीत होतं, रफू खात्यात कोणत्या मागावर काय चाललंय ते पाठ असतं. चिठ्ठीवर नंबर नव्हता तेव्हा मी विचारलं नाही. विणकरी गाठ पाहिली तेव्हा विचारलं नाही. डाग कसला ते विचारलं नाही. 'सुईबाई, तुमच्याशिवाय जमायचं नाही' एवढं ऐकलं आणि पाघळले. माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे आता कुणाला विचारू? मास्तर वारले. जॉबर वारला.

आणि सांगून आता काय होणार? वहिनी सत्तरीच्या आहेत, सवय झालीय त्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची. दिवसभर हेच घोळवत बसले. सगळं पटतंय आणि घास गिळवत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वहिनी आल्या. हातात पांढरा कपडा, चौकोनी कापलेला, चारही बाजूंनी दुमडून टाचलेला. म्हणाल्या, "तू म्हणत होतीस ना. माझा हात चांगला नाही, तू भर. लाल दोऱ्याने भर, लांबून दिसलं पाहिजे."

"काय भरू?"

त्यांनी चिठ्ठी दिली. पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'सात नंबर. त्यांचं चुकलं. पण माणूस वाईट नव्हता. माफ करावं.'

मी सुईत दोरा ओवला. खरंच ओवला. 'सात'चा स पेन्सिलने काढला, एक टाका घातला आणि माझा हात चालेना. वहिनी समोर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गं? जागा कमी पडतेय का? मग माणूस वाईट नव्हता ते काढ."

तेव्हा सांगितलं. ठाण, दोरे, सतरा, मास्तर, शिक्का. आठ नंबर काय म्हणाला तेही. काही गाळलं नाही. मी मयताला का आले नाही तेही.

त्या बराच वेळ तो कपडा गुडघ्यावर सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सतरा?"

"सतरा."

"सतरा वेळा माग थांबवून गाठ मारली त्यांनी. गाफील माणूस."

आणि उठून गेल्या. दार लावलं. दिवसभर आतून भांड्याचाही आवाज आला नाही. त्या माणसाला जाऊन अडतीस वर्षं झाली आणि आज मला त्याच्या मयताला बसल्यासारखं वाटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठ नंबरला सांगायला त्याच्या घरी गेले. बहिऱ्या माणसापुढे कबुली द्यायची म्हणजे कुजबुजून चालत नाही. दारात उभी राहून ओठ मोठे करून, ओरडून सांगितलं, "तुझं डोकं फिरलेलं नव्हतं! मी भरले! सतरा होते!" शेजारीपाजारी बाहेर आले.

तो रागवेल असं वाटलं होतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि हसायला लागला, डोळ्यांतून पाणी, आणि बोटांनी एकच खूण करत राहिला, खरं होतं, खरं होतं.

मग म्हणाला, "मी परत नाही विणू शकत, बोटं सुजलीत. तू लपवलंस, तूच काढ."

२६ नोव्हेंबर, बुधवार

निघत नाही. माझंच रफू मला सापडत नाही. खिडकीशी धरलं, उलटं केलं, पाण्यात भिजवलं. काही दिसत नाही. पुन्हा त्याच हातांचा अभिमान वाटायला लागला तर काय करायचं, ही भीती वाटली.

दुपारी दार वाजलं. वहिनी. आत आल्या, पट्टी पाहिली, म्हणाल्या, "मग?"

म्हटलं, "जागा सापडत नाहीत. आणि आठ नंबरने तरी कुठे जवळून पाहिल्या होत्या? त्याने शेजारच्या मागावरून पाहिलेलं, अंदाजाने विणलेलं."

"जवळून कुणी पाहिल्या?"

"मी."

"मग तुला आठवत असेल."

आठवतं. रफूवालीला चेहरे आठवत नाहीत पण भोकं आठवतात. पहिली किनारीपासून सहा बोटं आत, तीन धागे. दुसरी हातभर पुढे, पाच धागे, जरा तिरपी. जगात एवढ्या माणसांत ते फक्त मीच वाचलं होतं, आणि वाचून पुसलं होतं. मी कात्री घेतली. चांगल्या कापडाला जन्मात कधी कात्री लावली नव्हती. टोक पहिल्या धाग्याखाली घातलं.

वहिनी म्हणाल्या, "तू तोड. गाठी मी मारते." विणकरी गाठ त्यांना येत होती. लग्न झाल्यावर नवऱ्यानेच शिकवली होती म्हणे, स्वयंपाकघरात बसून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आठ नंबरही येऊन बसला. अंतरं बघून सांगत होता, माग तासाला किती विणतो त्यावरून. हा दोरा पाळी सुरू झाल्यावर. हा जेवणाच्या सुट्टीआधी. हा सुट्टीनंतर लगेच. वहिनी प्रत्येक वेळी विचारत, "मग इथे ते जेवून आले होते?" तो म्हणे, हो. "डबा खाल्ला होता?" तो म्हणे, खाल्ला, अर्धी भाकरी मला दिली.

तिसऱ्यानंतर अंतरं वीतभराची झाली. पंधराव्यापासून चार बोटं. तिथे वहिनींनी विचारणं बंद केलं. सतरावी गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. पुढे कापड कोरं होतं. आठ नंबर म्हणाला, पुढे तीन बोटं. मी मोजली आणि तिथे कापड कापलं.

बाईंनी पाहिलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या खाली जमिनीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "काकू, हे शनिवारी कोण सांगणार?"

वहिनी म्हणाल्या, "तीच."

२९ नोव्हेंबर, शनिवार

टांगलं. गोदाम भरलं होतं. सव्वाशे तुकडे, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि मधोमध निळी पट्टी. बांधणी खात्यातलीचं घड्याळ मी काल पुन्हा वाकडं करून दिलं.

बोलायला उभी राहिले तेव्हा पाय खरंच दुखत होता. आठ नंबर पहिल्या रांगेत होता, म्हणून ओठ मोठे करून सावकाश बोलले. सात नंबर गाफील नव्हता, एवढ्यापासून सुरुवात केली. मग माझं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मागून एक जण म्हणाला, "आणि एवढी वर्षं गप्प बसलीस?" मी म्हटलं, हो.

मग माणसं पांगली. वहिनींचा मुलगा पट्टीजवळ गेला. त्याला आईने घरी काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नाही. त्याने पहिल्या दोऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, ओठ हलत होते. सतरापर्यंत गेला. मग पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागला. आम्ही दोघी खुर्च्यांवर बसून राहिलो. त्याने किती वेळा मोजलं ते मी मोजलं नाही.

परत येताना वहिनींनी माझा हात धरला होता, कारण रस्ता खणलेला आहे आणि त्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही. जिन्याशी आल्यावर म्हणाल्या, "तू वही लिहितेस ना रोज?"

"हो."

"मी तुला माफ केलं असं लिहू नकोस. मी केलेलं नाही."

नाही लिहिलं.